टेन्शनवर घेतलेली दारू डोक्यात नेमकं काय करते

इंदूरमध्ये कचरा लपत नाही. ओला वेगळा, सुका वेगळा, काच वेगळी, आणि सकाळी गाडी आली की गाडीवरचा माणूस डब्यात डोकावून बघतो, चुकलं असेल तर परत करतो. आमच्या रामबागेतल्या घरात वरच्या मजल्यावर तीन मुलं भाड्याने राहतात, एक बऱ्हाणपूरचा, दोघं देवासकडचे. मागच्या डिसेंबरात सेमिस्टरचे पेपर सुरू असताना त्यांच्या काचेच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पव्वा दिसायला लागला. पार्टी असती तर एकाच दिवशी चार-पाच बाटल्या आल्या असत्या, सोबत चिप्सची पाकिटं, सोड्याच्या बाटल्या. इथे तसं काहीच नाही. दर दोन-तीन दिवसांनी एकच, 180 मिलीची. म्हणजे कोणीतरी एकटा पितोय.

मी फार्मसीच्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवते, औषध शरीरात जाऊन काय करतं ते. दारूवरचं लेक्चर दरवर्षी घेते. तरी पहिले दोन आठवडे मी गप्प बसले, आपण घरमालक, भाडं वेळेवर येतंय, मोठी मुलं आहेत, आपल्याला काय करायचंय असा विचार करून, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग एका रात्री साडेतीनला जाग आली तर डोक्यावर पावलं वाजत होती. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत पव्वा. तेव्हा मला दोन्ही गोष्टी जुळल्या, कारण ती पावलं नेमकी कशाची हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवत असते.

तेच इथे लिहिते आहे, शक्य तितकं सोपं करून. कॉलेजातल्या मुलांसाठी तर आहेच, पण ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत, जे रूम भाड्याने देतात, डबे देतात, त्यांच्यासाठीही आहे.

आधी एक गोष्ट खरी आहे ती मान्य करू. दारूने टेन्शन कमी होतं. मुलांना आपण "काही उपयोग होत नाही रे त्याचा" असं सांगतो आणि तिथेच ती ऐकायचं बंद करतात, कारण त्यांनी स्वतः अनुभवलेलं असतं की होतो. उद्या पेपर आहे, निम्मा सिलॅबस राहिलाय, घरून फोन आला की प्लेसमेंटचं काय झालं, छातीत धडधड चालू आहे, आणि दोन पेग आत गेले की वीस मिनिटांत खांदे सैल पडतात. हा काही भास नसतो. मेंदूत एक शांत करणारं रसायन असतं, त्याला गाबा म्हणतात, आणि एक चेतवणारं असतं, ग्लुटामेट. दिवसभर दोघांची रस्सीखेच चालू असते आणि दोर साधारण मधे असतो, म्हणून आपण ना झोपेत असतो ना घाबरलेले. टेन्शन आलं की दोर ग्लुटामेटकडे सरकतो. दारू येते आणि गाबाच्या बाजूने दोर धरते, शिवाय ग्लुटामेटवाल्यांचे हात ढिले करते. दोर एकदम शांततेकडे येतो, म्हणून बरं वाटतं.

पण मेंदूला दोर मधेच हवा असतो, तो त्याचा स्वभाव आहे. दारू एका बाजूने ओढतेय म्हटल्यावर तो दुसऱ्या बाजूला जोर वाढवतो, गाबाचं ऐकणं कमी करतो, ग्लुटामेटची माणसं वाढवतो. हे त्याच रात्रीपासून सुरू होतं, वर्षभराने नाही. इकडे लिव्हर आपलं काम करत असतं, दारू मोडून टाकत असतं, तासागणिक दारू कमी होत जाते, आणि पहाटे केव्हातरी दारूच्या बाजूने दोर सुटतो. रस्सीखेचमध्ये समोरच्याने एकदम दोर सोडला की काय होतं ते शाळेत सगळ्यांनी बघितलंय, जोर लावून ओढणारे उताणे पडतात. पहाटे तीन-चारला तेच होतं. ग्लुटामेटची सगळी वाढीव ताकद मोकळी सुटते, घाम येतो, हृदय धडधडतं, उगाच भीती वाटते, झोप तुटते, आणि जी काळजी रात्री अकराला झोपवली होती ती दुप्पट होऊन उठून बसते. आमच्या छतावरची पावलं ती होती.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की मुलाला हे दारूमुळे होतंय असं वाटतच नाही. दारू प्यायलो तेव्हा बरं वाटलं आणि आता दारू उतरली तर त्रास होतोय, म्हणजे दारू हे औषध आहे आणि त्रास माझा मूळचा आहे, असा सरळ हिशोब त्याचं डोकं मांडतं. मग दुसऱ्या दिवशी टेन्शन आदल्या दिवसापेक्षा जास्त असतं, त्यात उधारीवर आणलेल्या शांततेचं व्याज मिसळलेलं असतं, आणि संध्याकाळी परत तोच उपाय आठवतो. त्यात भर म्हणजे शरीरात टेन्शनच्या वेळी जे कॉर्टिसोल हॉर्मोन वाढतं तेच जास्त दारूनेही वाढतं.

आता प्रमाणाचं. मुलं म्हणतात "काकू, फक्त बिअर घेतो, दारू नाही." हे गणित एकदा नीट करूनच टाकू. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 30 मिलीचा छोटा पेग म्हणजे जवळपास 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. बिअरची मोठी बाटली 650 मिलीची, आणि स्ट्राँग असेल तर 8 टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण 41 ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बिअर चार छोट्या पेगएवढी झाली. आणि पव्वा म्हणजे सहा पेग, 60 ग्रॅम. लिव्हर तासाला अंदाजे 7 ते 10 ग्रॅम मोडतं, त्याला घाई करता येत नाही, ना कॉफीने ना लिंबाने ना थंड पाण्याच्या आंघोळीने. रात्री अकरा ते साडेबारा बसून एक पव्वा संपवला तर सकाळी सातलाही शरीरात थोडी शिल्लक असू शकते, आणि नऊचा पेपर असेल तर तो मुलगा तशाच अवस्थेत गाडी चालवत सेंटरवर जातो. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं म्हणून तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातली पातळी जास्त चढते, वजन सारखं असलं तरी. मुली पीत नाहीत असं समजून त्यांच्याशी हा विषयच कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

झोपेचं तर फारच फसवं आहे. पिऊन पटकन झोप लागते हे खरं. पण रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, ती दाबली जाते आणि दुसऱ्या भागात झोपेचे तुकडे होतात. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम मोठ्या प्रमाणात झोपेतच होतं. म्हणजे पोरगा दिवसभर भंवरकुआँच्या लायब्ररीत बसून वाचतो, रात्री टेन्शन घालवायला पितो, आणि वाचलेलं पक्कं व्हायच्या वेळेलाच गडबड करून ठेवतो. पेपरात आठवलं नाही की टेन्शन अजून वाढतं. जास्त आणि भराभर प्यायलं तर मेंदूचा आठवणी नोंदवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, काही वेळ काम करायचंच थांबवतो, मुलगा बोलतोय चालतोय पण सकाळी त्याला तास-दोन तास आठवतच नाहीत. मित्र हसतात त्यावर. हसायची गोष्ट नाही ती, आणि हे सगळं अशा वयात चाललंय जेव्हा विचार करून स्वतःला थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत अजून तयारच होत असतो.

लोक का पितात यावर लिन कूपर नावाच्या अमेरिकन संशोधिकेने 1994 साली चार कारणांची मांडणी केली, ती मला फार उपयोगी वाटते. एक, मजा वाढवायला. दोन, चार लोकांत मिसळायला. तीन, सगळे पितात म्हणून, नाही प्यायलो तर वेगळे पडू म्हणून. चार, वाईट वाटणं घालवायला. त्यानंतर बऱ्याच अभ्यासांत हे दिसत आलंय की चौथ्या कारणाने पिणाऱ्यांना त्रास जास्त होतो, अगदी प्रमाण इतरांएवढंच असलं तरी. मला यातूनच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे, किती पितोस यापेक्षा कशासाठी पितोस हा प्रश्न मोठा आहे. मित्राच्या बर्थडेला वर्षातून दोनदा बिअर घेणारा आणि एटीकेटी लागली म्हणून दाराला कडी लावून पव्वा उघडणारा, वर्षाचा हिशोब कदाचित सारखाच निघेल, पण दुसऱ्याच्या हातातून एक गोष्ट निसटत चाललेली असते. वाईट वाटलं तर ते सहन कसं करायचं, कोणाला सांगायचं, अर्धवट सिलॅबसमधून काय निवडायचं, हे शिकायचं वय हेच असतं, आणि दर वेळी बाटली मधे आली की ते शिकणं होतच नाही. नोकरी लागल्यावर टेन्शन काही संपत नाही, उलट वाढतं, आणि तेव्हा त्याच्याकडे एकच उपाय असतो.

अजून एक गोष्ट सांगते, ती मुलांना फार आवडते. अॅलन मार्लाट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते अमेरिकेत, वॉशिंग्टन विद्यापीठात. 1973 च्या त्यांच्या प्रयोगात दारूचं व्यसन असलेल्या लोकांपैकी काहींना सांगितलं की ग्लासात व्होडका आहे आणि दिलं नुसतं टॉनिक वॉटर, काहींना त्याच्या उलट. जास्त कोण प्यायलं? ज्यांना वाटत होतं की व्होडका आहे ते. ग्लासात खरंच काय आहे याने फारसा फरक पडला नाही. पुढे त्यांनी लॅबमध्ये चक्क बारसारखी खोली बनवली, आणि खोटी दारू पिऊन कॉलेजची पोरं खुलायची, जोरजोरात हसायची, बोलायची. हातपाय लटपटणं, नजर मंद होणं हे खऱ्या दारूचंच काम, पण मन मोकळं होण्यातला चांगला मोठा वाटा आपल्याला आधीपासून जे वाटत असतं त्याचा असतो. आता आपल्या पोरांची बैठक आठवा. दिवे मंद, शेव-परमल समोर, कोणीतरी म्हणतं "यार, आज सांगूनच टाकतो", आणि तो सांगतो की बाबांनी लोन काढलंय आणि मी दोन विषयांत गेलोय. त्याला हलकं वाटतं ते पेगमुळे की सांगून टाकल्यामुळे? माझं मत विचाराल तर अर्ध्याहून जास्त सांगून टाकल्यामुळे. आपल्या मुलांना, खास करून मुलग्यांना, रडायची आणि घाबरलोय म्हणायची परवानगी फक्त ग्लास हातात असताना मिळते, ही खरी अडचण आहे.

मध्य प्रदेशात दारू विकत घ्यायचं कायद्याचं वय 21 आहे, म्हणजे फर्स्ट इयर-सेकंड इयरच्या बहुतेक मुलांना कलालीवर, म्हणजे दारूच्या दुकानात, मिळायलाच नको. मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. 2023 पासून राज्यात दुकानाला लागून बसून प्यायचे अहाते बंद झाले, ते चांगलंच झालं, पण रूममध्ये एकट्याने पिणाऱ्याला बघणारं कोणी नसतं हेही खरं. 2019 साली केंद्र सरकारने एम्सकडून केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल आला, त्यात 10 ते 75 वयातले 14.6 टक्के लोक दारू पितात असं निघालं, साधारण 16 कोटी. आपल्या मराठी घरांत "आपल्यात कोणी घेत नाही हो" म्हणून विषय बंद करायची पद्धत आहे, तो बंद करून हे आकडे काही बदलत नाहीत.

मी त्या मुलाशी बोलले तेव्हा जिन्यात गाठलं त्याला, कपडे वाळत घालताना. "काकू, रूम खाली करू का?" हा त्याचा पहिला प्रश्न होता. मी म्हटलं रूमचं राहू दे, रात्री साडेतीनला जागा का असतोस ते सांग. पिण्याबद्दल मी पहिल्यांदा बोललेच नाही, झोपेबद्दल बोलले, आणि दहा मिनिटांत तो स्वतःच सगळं बोलून गेला. आईवडिलांना माझं हेच सांगणं आहे, बाटली सापडली की फोटो काढून मामा-काकांना पाठवू नका, शपथा घालू नका. झोप येते का, जेवतोस का, कशाचं सगळ्यात जास्त टेन्शन आहे, हे विचारा आणि मग थोडा वेळ गप्प बसा. गप्प बसणं कठीण असतं, पण बसा.

मुलांनो, तुमच्यासाठी आता कामाचं. प्यायची तीव्र इच्छा लाटेसारखी असते, चढते, वर जाते आणि साधारण वीस-तीस मिनिटांत आपोआप उतरते, तुम्ही प्यायलात किंवा नाही तरी. मार्लाटच सांगायचे की लाटेशी भांडू नका, तिच्यावर तरंगा, म्हणजे इच्छा शरीरात कुठे जाणवते, घशात की छातीत, ते बघत राहा आणि वेळ काढा. रिकाम्या पोटी ही लाट मोठी वाटते म्हणून आधी जेवा. श्वास सोडायला घ्यायच्या दुप्पट वेळ लावा, चार मोजून आत आणि आठ मोजून बाहेर, पाच मिनिटं केलं तर धडधड खरंच कमी होते, कारण लांब उच्छ्वासाने हृदयाचा वेग उतरतो. रूमवर बाटली ठेवूच नका, आणायला जावं लागलं तर मधे वेळ जातो आणि तेवढा वेळच पुरतो बऱ्याचदा. आणि पीतच असाल तरी वाईट बातमीच्या दिवशी नाही, एकट्याने नाही, आणि झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळीसोबत तर कधीच नाही. त्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या गाबावरच काम करतात, दोन्ही मिळून श्वास थांबू शकतो. मेडिकलवाल्याकडून ओळखीने गोळी आणून रूममेटला देणारी मुलं मी बघितली आहेत, मदत म्हणून देतात बिचारी.

कोणी खूप प्यायलाय आणि हलवून उठत नाही, श्वास फार हळू किंवा थांबून थांबून चाललाय, ओठ निळसर, अंग गार, तर "झोपू दे, उतरेल" असं म्हणून खोलीत सोडून जाऊ नका. कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि 108 ला फोन करा. पोलीस येतील, घरी कळेल, कॉलेज काढून टाकेल, हे सगळे विचार नंतर.

जो रोज आणि भरपूर पितो त्याने एका झटक्यात बंद करू नये, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. तोच दोर, पण आता महिनोन्‌महिने ताणलेला. एकदम सोडला तर हात थरथरतात, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, काहींना दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो आणि जिवावर बेततं. अशा माणसाला डॉक्टर औषधं देऊन हळूहळू सोडवतात. इंदुरात एमवाय या सरकारी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, बाणगंगेला मानसिक रुग्णालय आहे, आणि तिथे जाणारा माणूस वेडा नसतो हे आता तरी आपण म्हणायला हवं. फोनवरच बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, चोवीस तास, फुकट, आणि व्यसनासाठी वेगळा 14446. स्वतःलाच तपासायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ऑडिट नावाची यादी आहे, आठ किंवा जास्त गुण आले तर कोणाशी तरी बोलायची वेळ झाली असं समजायचं.

आमच्या वरच्या मुलाचं रोजचं नव्हतं, आठवड्यातून तीनेक दिवसांचं होतं, म्हणून त्याने टेलिमानसवर बोलून, मग एका डॉक्टरांना भेटून बंद केलं. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की पहिले काही दिवस झोप उलट बिघडेल, कारण मेंदू अजून जुन्या जोराने दोर ओढत असणार, त्याला सवय मोडायला वेळ लागतो. बरीच मुलं इथेच परत वळतात, त्यांना वाटतं बघा, दारूशिवाय झोपच येत नाही मला. पाचव्या रात्री साडेअकराला तो खाली आला, म्हणाला काकू, झोप येणार नाही, काही काम आहे का. सकाळच्या पोह्यांसाठी मटार सोलायचे होते. दीड किलो सोलले आम्ही दोघांनी, ऑर्गॅनिक केमिस्ट्रीतल्या कोणत्या चॅप्टरची त्याला भीती वाटते ते त्याने मला सांगितलं, साडेबाराला वर गेला, आणि त्या रात्री थोडा वेळ पावलं वाजली, पण मी झोपून गेले त्यामुळे किती वेळ ते मला माहीत नाही.